पाळी जाताना अंगातून निघणाऱ्या वाफा आणि ‘नैसर्गिक’ उपायांची खरी जागा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या महिलांसाठीच्या पुरवणीत गेल्या काही आठवड्यांत रजोनिवृत्तीच्या काळात येणाऱ्या हॉट फ्लॅशेसवर, म्हणजे अंगातून एकाएकी निघणाऱ्या वाफांवर, घरगुती आणि नैसर्गिक उपाय सुचवणारा मजकूर वरचेवर वाचायला मिळतो आहे. हा विषय वर्तमानपत्राच्या पानावर उघडपणे येतो याचा मला मनापासून आनंद आहे, कारण माझ्या आईने आणि मावश्यांनी ‘पाळी गेली’ या दोन शब्दांपलीकडे याविषयी कधी काही बोलल्याचे मला आठवत नाही. मात्र या मजकुरात जवस, सोयाबीन, शतावरी, प्राणायाम, थंड पाणी आणि बाजारातल्या महागड्या कॅप्सूल अशा सगळ्या गोष्टी एकाच रांगेत बसवल्या जातात. कशाला चाचणीचा आधार आहे, कशाने केवळ तेवढ्यापुरता आराम पडतो आणि कशापासून इजा होऊ शकते, हा भेद वाचणाऱ्या बाईच्या हाती लागत नाही. त्या भेदाविषयी सविस्तर लिहिण्याची परवानगी घेते.

मी अकोल्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझे वय ५२ आहे. तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात, नववीच्या वर्गात फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती काढत असताना छातीतून एकदम उष्णता उसळली आणि गळ्यावरून कानांपर्यंत चढली. पाठीवरून घामाची धार लागली, ब्लाउज चिंब भिजला, आणि दोन-तीन मिनिटांनी सगळे ओसरल्यावर थंडी वाजू लागली. पहिल्या बाकावरच्या मुलीने न बोलता आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. त्या वर्षीचा उन्हाळा मी ‘ऊन लागले’ या समजुतीतच काढला. कैरीचे पन्हे प्यायले, सब्जा भिजवला, घराबाहेर पडताना पर्समध्ये कांदा ठेवला. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तिथे अंगाची लाही होण्याचे कारण शरीराच्या आत शोधावे असे कोणाला सुचणार? डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे तीन वाजता मी घामाने भिजून जागी झाले आणि गोधडी भिरकावून दिली, तेव्हा कुठे हे ऊन नव्हे हे लक्षात आले.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. आपल्या देशात ती सरासरीने ४६-४७ व्या वर्षी येते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षे आधी. वाफा मात्र पाळी अनियमित होऊ लागते तेव्हापासूनच सुरू होऊ शकतात. मेंदूतील हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचे तापमान सांभाळतो. एरवी तापमानात थोडाफार चढउतार झाला तर तो खपवून घेतो, पण इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनचे प्रमाण घटले की तेथील काही चेतापेशी अतिसंवेदनशील होतात आणि खपवून घेण्याची ही मर्यादा अगदी अरुंद होते. मग अंशाच्या लहानशा भागाएवढे तापमान वाढले तरी मेंदू ‘शरीर तापले’ असा निष्कर्ष काढतो, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतो आणि घाम सोडतो. शरीरात हे खरोखर घडते. ‘मनाला लावून घेतेस म्हणून होते’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे.

किती काळ हे चालते, याविषयीही गोड गैरसमज आहेत. अमेरिकेत वेगवेगळ्या वंशांच्या स्त्रियांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणारा ‘स्वान’ हा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यावर आधारित २०१५ सालच्या निष्कर्षांनुसार ज्यांना वारंवार वाफा येतात अशा स्त्रियांमध्ये त्यांचा एकूण कालावधी मध्यक काढला तर ७.४ वर्षे निघाला. काहींची सुटका त्याच्या बरीच आधी होते, काहींना दहा वर्षेही पुरत नाहीत. ‘दोन-चार महिने कळ काढ’ हा सल्ला म्हणूनच पुरेसा नाही.

आता नैसर्गिक उपायांकडे वळते. कुठलाही उपाय तपासताना एक आकडा सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. घटलेल्या हॉर्मोनची भरपाई करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या हॉर्मोनच्या गोळ्यांवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात औषधी द्रव्य मुळीच नसलेल्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या वाफाही सुमारे ५८ टक्क्यांनी कमी झालेल्या आढळल्या. याचा अर्थ त्या बायका खोटे बोलत होत्या असा होत नाही. वाफा मुळातच कमीजास्त होतात, त्रास शिगेला पोचलेला असतानाच माणूस उपाय शोधतो, आणि काही तरी करतो आहोत या विश्वासानेही जीव शांत होतो. त्यामुळे तुळशीच्या पानांपासून चुंबकाच्या पट्ट्यापर्यंत ज्याला त्याला ‘मला गुण आला’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या बायका भेटतातच. म्हणून एखादा उपाय दोन गटांत तपासलेला आहे का, एका गटाला खरा आणि दुसऱ्याला नकली उपाय देऊन फरक पाहिला आहे का, हे विचारण्याला पर्याय नाही.

जवसाचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. आमच्या विदर्भात जवसाची चटणी ताटात नसेल तर जेवण अपुरे वाटते. सासूबाई आजही लोखंडी कढईत जवस तडतडेपर्यंत भाजतात आणि लसूण, सुकी मिरची, मीठ घालून कुटतात. जवसात लिग्नॅन नावाची, इस्ट्रोजेनशी किंचित साम्य असलेली द्रव्ये असतात, त्यामुळे त्याने वाफा कमी व्हाव्यात ही कल्पना तर्काला धरून होती. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००७ मध्ये थोड्या स्त्रियांवर केलेल्या प्राथमिक अभ्यासात वाफा निम्म्यावर आल्या. तेव्हापासून जवसाची कीर्ती जगभर पसरली आणि आजही बहुतेक लेख तेथेच थांबतात. पण त्याच संशोधकांनी पुढे १८८ स्त्रियांना दोन गटांत विभागून, एका गटाला जवस घातलेली खाद्यवडी आणि दुसऱ्याला जवस नसलेली तशीच वडी सहा आठवडे दिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत दोन्ही गटांतील सुमारे एक तृतीयांश स्त्रियांच्या वाफा निम्म्या झाल्या. दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. जवसाची चटणी मी आजही रोज खाते, कारण ती चविष्ट आहे, तिच्यात चोथा आहे आणि चांगल्या प्रतीची स्निग्धता आहे. वाफा थांबतील या आशेने कोणी दिवसाला चार-चार चमचे कच्ची जवसपूड गिळत असेल आणि पोट बिघडवून घेत असेल, तर तिला मात्र हे सांगितलेच पाहिजे.

सोयाबीनची गोष्ट थोडी निराळी आहे. आमच्या भागातला शेतकरी सोयाबीन पेरतो, मळतो आणि गाडीत भरून बाजार समितीत नेऊन टाकतो. त्याच्या घरात मात्र ते शिजत नाही. सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन्स या द्रव्यांच्या बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत वाफा साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाल्या, काहींत फरकच दिसला नाही. काही स्त्रियांच्या आतड्यांतील जिवाणू या द्रव्याचे रूपांतर इक्वॉल नावाच्या अधिक प्रभावी पदार्थात करतात आणि इतरांच्या आतड्यांत ते घडत नाही, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. २०२१ साली अमेरिकेत ३८ स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत तेल कमी असलेला पूर्ण वनस्पतिजन्य आहार आणि रोज अर्धी वाटी शिजवलेले सोयाबीन दिल्यावर बारा आठवड्यांत वाफा ७९ टक्क्यांनी कमी झाल्या. हा आकडा समाजमाध्यमांवर खूप फिरतो. मात्र ज्यांनी आहार बदलला नाही त्या गटातही वाफा जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या, संख्या लहान होती आणि कोण काय खाते हे सर्वांना ठाऊक होते, हे त्याबरोबर सांगितले जात नाही. तरीही मला हा उपाय करून पाहण्याजोगा वाटतो, कारण त्यात गमावण्यासारखे काही नाही. दाणे रात्रभर भिजवून कुकरमध्ये पुरते मऊ शिजवावेत आणि उसळ करावी. कच्चे किंवा अर्धकच्चे सोयाबीन पचनाला बाधते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयाबीन त्या गोळीच्या शोषणात अडथळा आणते. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांनी सोयाबीनच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

कॅप्सूलचा विषय निघालाच आहे म्हणून स्वतःची एक चूक नोंदवते. त्रासाच्या पहिल्या वर्षी एका ओळखीच्या बाईंकडून मी तीन महिने पुरेल असा डबा विकत घेतला. त्यावर ‘शंभर टक्के नैसर्गिक, कोणतेही दुष्परिणाम नाहीत’ असे छापले होते, आत काय किती आहे हे मात्र इतक्या बारीक अक्षरांत होते की मला भिंग घ्यावे लागले. त्यात ब्लॅक कोहोश ही विलायती वनस्पती निघाली. याच वनस्पतीची ३५१ स्त्रियांवर वर्षभर चाचणी होऊन २००६ मध्ये निकाल लागला होता आणि ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली नव्हती. शिवाय ती घेणाऱ्या काही व्यक्तींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मी डबा अर्ध्यावर बंद केला. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचेही असेच. १९९८ च्या एका चाचणीत त्यांनी नकली गोळीच्या तुलनेत दिवसाला जेमतेम एक वाफ कमी केली.

शतावरी आणि अश्वगंधा यांविषयी मी आदराने पण सावधपणे लिहिते. आयुर्वेदावर माझा राग नाही, माझ्या माहेरी वैद्यांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. या वनस्पतींवर आपल्याकडे ज्या चाचण्या झाल्या त्या लहान आणि थोड्या आठवड्यांच्या आहेत, त्यातून काही आशा दिसली तरी खात्री देता येत नाही. अश्वगंधेने थायरॉइडच्या हॉर्मोनची पातळी वाढू शकते आणि यकृताला सूज आल्याच्या नोंदीही आहेत. नाडी पाहणारा, आपल्याला आधीपासून कोणती औषधे चालू आहेत हे विचारणारा पदवीधर वैद्य ती देत असेल तर गोष्ट वेगळी. कुणीतरी मोबाइलवर पुढे ढकललेला संदेश वाचून मूठभर चूर्ण दुधातून घेणे हे आयुर्वेदाच्याही शिस्तीत बसत नाही.

मग उरते काय? माझ्या मते सर्वांत जास्त आराम ज्या गोष्टींनी पडतो त्या बाटलीत मिळत नाहीत, आणि त्या एकट्या बाईच्या हातातही नसतात. हवा, कापड, झोप आणि वजन या त्या गोष्टी होत. येथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की उत्तर अमेरिकेतील रजोनिवृत्ती तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली हॉर्मोनविरहित उपायांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात अंग थंड ठेवणे, विशिष्ट पदार्थ टाळणे, व्यायाम, योग आणि मंद श्वसन यांची वाफांवरील उपचार म्हणून शिफारस केलेली नाही, कारण त्यांनी वाफांची संख्या घटते असा भक्कम पुरावा नाही. मी हे मान्य करते. पण वाफ आल्यावर ती किती छळते, भिजलेला ब्लाउज दिवसभर अंगावर वागवावा लागतो की नाही, पहाटे तीनला जाग आल्यावर पुन्हा डोळा लागतो की नाही, हे प्रश्न संख्येपेक्षा वेगळे आहेत, आणि त्यांची उत्तरे घरातल्या मांडणीवर अवलंबून असतात.

स्वयंपाकघरच घ्या. आपल्या बहुतेक घरांत बैठकीत पंखा, निजायच्या खोलीत पंखा किंवा कूलर आणि स्वयंपाकघरात काहीच नाही, अशी व्यवस्था असते. असला तरी गॅसची ज्योत हलते म्हणून तो बंद ठेवला जातो. म्हणजे घरातील ज्या व्यक्तीच्या मेंदूला अर्ध्या अंशाची वाढही सहन होत नाही, तीच व्यक्ती वैशाखात दोन शेगड्यांसमोर, बिनपंख्याच्या खोलीत, तासभर पोळ्या लाटत उभी असते. आम्ही घरात तीन बदल केले. छोटा टेबल फॅन ओट्याच्या खाली, पायांच्या पातळीवर ठेवला, त्यामुळे ज्योत हलत नाही आणि पोटऱ्यांना व पाठीला वारा लागतो. उन्हाळ्यात पोळ्या सकाळी साडेपाचलाच करून ठेवायच्या आणि रात्री वरण-भात किंवा खिचडी असे ठरवले. तिसरा बदल असा की रात्रीचा स्वयंपाक आता माझे यजमान करतात. सुरुवातीला सासूबाईंना ते रुचले नाही. मी त्यांना हायपोथॅलॅमसची आकृतीच काढून दाखवली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मले बी असंच होत होतं वं, पन कोनाले सांगू?” त्यांच्या चुलीपुढच्या त्या वर्षांचा विचार मनात आला की मला अजूनही गलबलून येते.

कापडाचेही तसेच. सुती लुगडी आणि सुती पोलकी मागे पडून सिंथेटिक साड्या आल्या, त्या धुवायला, वाळवायला सोप्या आणि स्वस्त. पण त्या घाम शोषत नाहीत. अनेक शाळांत, रुग्णालयांत आणि दुकानांत स्त्रियांना गणवेश म्हणून याच कापडाच्या साड्या दिल्या जातात. आमच्या शाळेत ठरावीक दिवशी घालायची साडी अशीच होती. आम्ही चौघीजणींनी मिळून सुती साडीची मागणी केली आणि मुख्याध्यापकांनी ती मान्य केली. पिशवीत एक जास्तीचा ब्लाउज आणि पंचा ठेवणे ही माझी आता सवय झाली आहे.

झोपण्याच्या खोलीविषयी लिहिताना आपल्या राज्यातील हवामानाचा फरक लक्षात घ्यावा लागतो. आमच्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर, अंगावर ओलसर सुती पंचा, माठातले पाणी यांनी चटकन गारवा मिळतो, कारण घामाचे आणि पाण्याचे बाष्पीभवन वेगाने होते. मुंबईत किंवा रत्नागिरीत हेच केले तर उपयोग थोडा. तिथली हवा आधीच दमट असते, कूलरने ती अधिक दमट होते आणि घाम अंगावरच राहतो. तिथे समोरासमोरच्या खिडक्या, थेट अंगावर येणारा पंखा, सैल सुती गाऊन आणि परवडत असेल तर वातानुकूलन हेच मार्ग. थंडीत एक जाड गोधडी घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ चादरी एकावर एक घ्याव्यात, म्हणजे वाफ आली की एक बाजूला सारता येते. पंख्यावरून नवरा-बायकोत रोज वाद होत असेल तर ज्याला थंडी वाजते त्याने जास्तीचे पांघरूण घ्यावे. बाईला मात्र कातडी उतरवून ठेवता येत नाही.

तिखट, गरम चहा आणि मद्य यांनी वाफा चाळवतात असे सरसकट लिहिले जाते. प्रत्यक्षात प्रत्येकीचे कारण वेगळे असू शकते. मी दोन आठवडे एका वहीत वेळ, जागा, आधी काय खाल्ले-प्यायले आणि मनात काय चालले होते हे टिपले. ठेच्याने माझे काहीच बिघडत नव्हते. मधल्या सुट्टीतला उकळता चहा आणि पाठोपाठ पत्र्याच्या वर्गात चढून जाणे हे दोन्ही जुळून आले की हमखास वाफ येत असे. आता चहा थोडा निवू देते. अशी वही न ठेवता कोणी आयुष्यभराची चव सोडून देऊ नये. सिगारेट ओढणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो हे मात्र अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि तंबाखू कोणत्याही रूपातली असो, हाडांसाठी आणि हृदयासाठीही ती सोडलेलीच बरी. खेड्यापाड्यांतील मिश्री लावणाऱ्या माझ्या भगिनींनाही हे लागू आहे.

वजनाविषयीचा पुरावा तुलनेने बरा आहे. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या प्रकल्पात, आहार बदलून ज्यांनी आपल्या वजनाच्या दशांशाएवढे वजन उतरवले त्यांच्यातील वाफा वर्षभरात पूर्ण थांबण्याची शक्यता अधिक आढळली. चरबीचा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. योगाबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते : २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा आठवड्यांच्या चाचणीत योगामुळे वाफांची संख्या घटली नाही, पण निद्रानाश कमी झाला. मी पहाटे अनुलोम-विलोम करते ते वाफ थांबावी म्हणून नव्हे, ती येताना जी धडधड आणि भीती वाटते ती आवरावी म्हणून. तेवढे त्याने नक्की साधते.

आणि या भीतीवरच दोन उपाय असे आहेत की त्यांचे नाव आपल्याकडे क्वचितच कोणी घेते. विचार आणि वर्तन बदलण्याची मानसोपचारातील सीबीटी ही पद्धत लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी १४० स्त्रियांवर तपासली. २०१२ च्या त्या निष्कर्षांत वाफांची संख्या नव्हे, तर त्यांचा जाच स्पष्टपणे कमी झाला, आणि पुस्तिका वाचून घरच्या घरी केलेला सरावही गटात बसून केलेल्या सरावाइतकाच उपयोगी पडला. वर्गात वाफ आली की ‘सगळे माझ्याकडेच बघत आहेत, मी आता कोसळणार’ हा विचार मनात येतो आणि त्याने घाम आणखी सुटतो, हे मी अनुभवले आहे. त्या विचाराच्या जागी ‘ही तीन मिनिटांची गोष्ट आहे’ हे वाक्य ठेवायला शिकणे हे या पद्धतीचे सार आहे. दुसरा उपाय प्रशिक्षित तज्ज्ञाकडून घ्यायच्या संमोहनाचा. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात १८७ स्त्रियांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांनी संमोहनाच्या गटात वाफा ७४ टक्क्यांनी आणि तुलनेच्या गटात १७ टक्क्यांनी कमी झाल्या. त्यात डोळे मिटून गार वाऱ्याचे, पाण्याचे, बर्फाचे चित्र मनात आणायला शिकवले जाते. वर ज्या २०२३ च्या आढाव्याचा उल्लेख केला, त्यात या दोन्हींची शिफारस आहे. ‘नैसर्गिक’ हा शब्द वापरायचाच असेल तर तो यांना शोभतो, आणि असे मराठीतून शिकवणारे समुपदेशक आपल्या जिल्हा रुग्णालयांत तयार व्हावेत अशी माझी तळमळीची मागणी आहे.

नैसर्गिक उपायांवर बोलताना ज्यांची रजोनिवृत्तीच नैसर्गिक नाही त्यांचा विसर पडतो. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली, अशी माहिती २०१९ साली विधान परिषदेत तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी दिली होती. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या पाहणीत ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोषही काढले गेले असतील तर इस्ट्रोजेन हळूहळू न घटता एकदम तुटते आणि तिशीतल्या, पस्तिशीतल्या बाईला अत्यंत तीव्र वाफा येतात. शिवाय तिची हाडे आणि हृदय या दोहोंवरचे छत्र वेळेआधी जाते. अशा स्त्रीला सब्जाचे पाणी सुचवणे अन्यायाचे आहे. तिला कोणता मज्जाव नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हॉर्मोन द्यावेत असे तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे, आणि फडात कोयता चालवणाऱ्या त्या बाईपर्यंत ते पोचले पाहिजे.

हॉर्मोनच्या भीतीबद्दलही दोन वाक्ये आवश्यक आहेत. २००२ साली वर उल्लेखिलेल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ प्रकल्पातील हॉर्मोनची चाचणी स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दिसल्याने मध्येच थांबवण्यात आली आणि जगभर या गोळ्यांचा धसका बसला. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आतील किंवा रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आतील निरोगी स्त्रीला तीव्र त्रास असेल तर फायदा सामान्यतः धोक्यापेक्षा अधिक असतो, असे आज मानले जाते. स्तनाचा कर्करोग, गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृताचा गंभीर आजार असणाऱ्यांना त्या चालत नाहीत, त्यांच्यासाठी हॉर्मोनविरहित औषधेही आहेत. मी स्वतः हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्या नाहीत, कारण माझा त्रास वरील बदलांनी सहन होण्याइतका झाला. माझ्या एका सहकारी भगिनीला मात्र रात्रीतून सहा-सात वेळा उठावे लागत होते, तिने स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्या घेतल्या आणि ती पुन्हा माणसात आली. तिने ‘नैसर्गिक’ मार्ग सोडला म्हणून शिक्षककक्षात तिला जे ऐकून घ्यावे लागले, ते मला अजूनही बोचते.

शेवटी सावधगिरीची एक बाब. रात्री घाम येण्याचे प्रत्येक कारण रजोनिवृत्तीचे नसते. घामाबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारे वजन, दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी लगेच करून घ्यावी. हात थरथरणे आणि सतत धडधड असेल तर थायरॉइड तपासावे, मधुमेहाची औषधे चालू असतील तर घाम येतो त्या वेळी साखर मोजावी. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थोडासाही रक्तस्राव झाला, तर कोणताही घरगुती उपाय न करता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या पुरवणीला माझी विनंती एवढीच आहे की यापुढे असा प्रत्येक उपाय छापताना तो कोणी घेऊ नये आणि त्याची कशी तपासणी झाली आहे, या दोन ओळी त्याच्याखाली द्याव्यात. १८ ऑक्टोबर हा जागतिक रजोनिवृत्ती दिन असतो. त्या निमित्ताने एखाद्या शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांकडून वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे पानभर छापता आली तर नाव न देता प्रश्न पाठवणाऱ्या पुष्कळ जणी निघतील. पहिला प्रश्न माझ्या सासूबाईंनी आताच मला सांगून ठेवला आहे : पाळी जाऊन पंचवीस वर्षे झाल्यावरही कधीतरी पहाटे अंगातून वाफ का निघते?

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, अकोला